भाकरीची माफी

आठवी पास झालं की लेकरांची भूक बंद होते, असा सरकारी हिशोब आहे. आमच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंतचे वर्ग एकाच आवारात भरतात. आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारी खिचडी मिळते, आणि नववी-दहावीची मुलं लिंबाखाली बसून ती खिचडी वाटली जाताना बघतात. वयानं मोठी, अंगानं वाढती, भुकेनं दुप्पट. मी या शाळेत गणित शिकवायला आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला हा हिशोब चुकलेला दिसला. पण चुकलेलं प्रत्येक गणित बाईंनाच सोडवावं लागतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

शाळा फाट्यावर आहे आणि गाव फाट्यापासून आत, चांगलं दोन किलोमीटर. शिरड शहापूरहून मी रोज एसटीनं येते. दहावीचे जादा तास सकाळी लवकर असतात, त्यामुळे मुलं निघतात तेव्हा घरात धड काही शिजलेलं नसतं. जी डबा आणतात त्यांच्या डब्यात भाकर आणि चटणी. जी आणत नाहीत ती ‘भूक न्हाई’ म्हणतात. दुपारच्या तासाला मी फळ्यावर वर्तुळ काढलं तर त्यांना त्यात भाकर दिसत असावी, अशी त्यांची तोंडं असायची.

म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या मुलांसाठी ताट सुरू केलं. फुकट नाही, थोड्या पैशांत. गावातली एक मावशी आणि तिची जाऊ, दोघी बचत गटातल्या, शाळेच्या मागच्या खोलीत रांधायच्या. दोन भाकरी आणि कोरड्यास. भाकरीबरोबर जे काही कालवण, भाजी, पिठलं असेल त्याला आमच्याकडे कोरड्यास म्हणतात, मग ते कितीही पातळ असो. मावशीचं वांग्याचं कोरड्यास असं होतं की मुख्याध्यापक त्या दिवशी घरचा डबा तसाच परत न्यायचे आणि बायकोला काय सांगायचे, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मुलं ओळीनं पंगतीला बसायची. वाढायला आळीपाळीनं चौघं. दहावीतली एक मुलगी या वाढण्यात सगळ्यांत तरबेज होती. पळी हातात आली की ती कुणाची गय करायची नाही, सगळ्यांना सारखं. माझ्या गणितात पहिली. बुद्धविहाराकडच्या गल्लीत तिचं घर, आईबाप दोघंही मजुरीला. तिला नर्स व्हायचं होतं. हे तिनं मला एकदा पायथागोरसच्या मध्येच सांगितलं, आणि मी ‘आधी कर्ण काढ’ म्हणून गप्प केलं होतं.

मग महागाईनं आमच्याही खोलीत पाय टाकला. तेल वाढलं, सिलिंडर वाढला, तुरीच्या डाळीनं तर नखरेच सुरू केले. आणि ज्वारी! एकेकाळी गरिबाची म्हणून नाक मुरडलं जायचं ती ज्वारी आता गव्हाच्या डोक्यावर बसली. जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून मावशी पोतं घेऊन आली आणि पोत्यावरच बसून राहिली.

“बाई, आता न्हाई पुरत,” ती म्हणाली. “पंधरा रुपयांत ताट देऊन राहिले, पर माझ्या घरचं त्याच्यात घालावं लागतंय. पंचवीस करा, न्हाईतर दुसरी बाई बघा.”

ती रागानं बोलत नव्हती. राग असता तर मी समजूत काढली असती.

मुख्याध्यापकांनी बैठक बोलावली. बैठक म्हणजे चार माणसं: मुख्याध्यापक, मावशी, पालक समितीचे अध्यक्ष आणि मी. अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. जमीनदार घर, बोलणं गोड, पांढरं धोतर, आणि गावात शब्दाला वजन. त्यांचा नातू नववीत होता.

“गणित तुमचं, तर भाव बी तुमीच काढा,” आबा मला म्हणाले.

मी भांडायच्याच तयारीनं गेले होते. पंचवीस हा आकडा मला मान्य नव्हता, आणि पंधरात भागत नाही हेही दिसत होतं. माझं एकच म्हणणं होतं. ताट महाग झालं की पंगतीतून आधी मुली उठतात. घरात दोन लेकरं असली तर पैसे मुलाच्या हातावर पडतात. मुलगी जेवायला म्हणून घरी जाते, दोन किलोमीटर जाऊन दोन किलोमीटर परत यायचं ऊन तिच्या आईला जास्त वाटतं, आणि दुपारचे तास बुडायला लागतात. दहावीच्या वर्षात दुपार बुडाली की परीक्षा बुडाली. पुढचं मग लग्नाचं बघतात. हे सगळं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. वांग्याच्या कोरड्यासाची पळी धरणारी ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे होती, पण तिचं नाव मी घेतलं नाही.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मावशीला विचारलं, “ताटात सगळ्यात महाग काय पडतं?”

“भाकर,” मावशी म्हणाली. “ज्वारी, वरून तव्याला गॅस, आन् आमचे चार हात.”

“मग भाकर घरून येऊ द्या की!” आबा म्हणाले. “सप्त्याला आपन काय करतो? घरटी पाच भाकरी गोळा करतो. तसं इथं. प्रत्येक लेकरानं तीन भाकरी आनायच्या, एका टोपल्यात टाकायच्या. शाळेनं फकस्त कोरड्यास द्यायचं. पंधराच्या पंधरा.”

आमच्या भागात हरिनामाचा सप्ताह बसतो तेव्हा शेवटच्या दिवसांत गावात टेम्पो फिरतो. देवळाच्या भोंग्यावरून पुकारा होतो, बाया भाकरी फडक्यात बांधून दारात उभ्या राहतात, आणि टेम्पोत ढीग साचतो. जाड, पातळ, करपलेली, फुगलेली, सगळ्या घरांच्या भाकरी एकात एक. मग आमटीबरोबर सगळं गाव ती खातं. माझं लहानपण या भाकरींवर गेलंय आणि मला अजूनही वाटतं की टेम्पोतल्या भाकरीला घरच्यापेक्षा चव असते. त्यामुळे आबांची युक्ती ऐकून माझा राग कुठल्या कुठे पळाला. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं गूळ द्यावा तसं झालं.

आबा तेवढ्यावर थांबले नाहीत. “आन् त्या विहाराकडच्या गल्लीतल्या लेकरांना माफी द्या,” ते म्हणाले. “बिचाऱ्यांच्या आया पहाटं हळदीच्या कामाला जातात. त्यांना कशाला तकलीफ? त्यांच्या वाटणीच्या भाकरी माझ्या घरून येतील.”

मुख्याध्यापकांनी मान हलवली. मावशीनं हलवली. मी तर जोरात हलवली. शिवाय दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून मीच ते जाहीर केलं, की सगळ्यांनी तीन भाकरी आणायच्या, त्या गल्लीतल्या सहा जणांनी आणायची गरज नाही.

टोपलं छान चाललं. खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मी खूश होते. मुलं दुपारी टोपल्याभोवती गर्दी करायची. बाजरीची एखादी आली की तिच्यावर झडप. ‘ही माझ्या आईची, बघा कशी पापुद्र्याची’ अशी बढाई. मावशीची पाठ जरा मोकळी झाली, कोरड्यास दाट झालं. आबांच्या सुनेनं थापलेल्या भाकरी रोज पांढऱ्याशुभ्र फडक्यात यायच्या, आणि बऱ्याचदा आबा स्वतः मोटरसायकलवर मागे बसून घेऊन यायचे. आणून टोपल्यापाशी ठेवायचे आणि मिशीला हात लावायचे.

मग ती मुलगी पंगतीला येईना.

पहिल्या दिवशी मला वाटलं, पोट बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, “भूक न्हाई, बाई.” तिच्या गल्लीतली बाकीची पाचही एकेक करून गळली. ती मुलगी दुपारच्या सुट्टीत गावात जाऊ लागली आणि मग दुपारच्या तासाला कधी यायची, कधी नाही. जी गोष्ट टाळायला मी पंधराचे पंचवीस होऊ दिले नव्हते, तीच गोष्ट पंधरातच घडत होती. भाव वाढला नाही, भाकर फुकट मिळाली, तरी मुलगी उठली ती उठलीच. मला राग आला. माझा राग आधी येतो आणि अक्कल मागून चालत येते. मावशीला मी म्हणाले, “फुकट मिळतंय तर यांना नको झालंय.” मावशी कांदा चिरत राहिली.

परीक्षा जवळ आली होती. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी एसटीकडे न जाता आत गावात निघाले. हळद काढणीचे दिवस होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजवल्याचा वास. तिच्या घरी पोचले तेव्हा उजेड होता. मुलगी दारात भांडी घासत होती, आई नुकतीच रानातून येऊन चुलीपुढे बसली होती. मला बघून दोघी उभ्या राहिल्या. खुर्ची आली, चहा आला. कपही नवा काढला असावा, त्याच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती.

“जेवायला येत नाही ही,” मी म्हणाले. “भूक नाही म्हणते.”

“नसंल भूक,” आई म्हणाली, आणि काटवटीत पीठ मळायला लागली.

तिचे हात हळदीनं पिवळे झाले होते. दिवसभर ओली हळद वेचून कितीही धुतले तरी तो रंग जात नाही. भाकर थापली, तव्यावर टाकली, उलटली, आणि निखाऱ्याला उभी केली. ती टम्म फुगली. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आमच्याकडे तव्यावर भाकर असताना आलेल्या माणसाला ‘बसा, भाकर खाऊन जा’ म्हणायची रीत आहे. शत्रूलाही म्हणतात. ही बाई म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला ते लागलं, आणि माझ्या स्वभावानुसार मी ते बोलून टाकलं.

“भाकरीचा वास सुटलाय आणि मला विचारत नाही होय?”

आईचे हात थांबले. ती मुलीकडे बघायला लागली. मुलगी भांडं खाली ठेवून म्हणाली, “तुमाला चालंल का?”

“न चालायला काय झालं?”

“मंग शाळेत काहून चालत न्हाई?”

आई ‘गप गं’ म्हणाली, पण माझ्या वर्गातली मुलगी होती, उत्तर अर्ध्यावर सोडणारी नव्हती.

“आमच्या गल्लीला माफी दिली तुमी,” ती म्हणाली. “आया कामाला जातात म्हनून. वरच्या आळीतली माझी मैत्रीण हाय ना, तिची आई माझ्या आईच्या बराबर हळदीला जाते, एकाच गाडीत. तिला दिली का माफी? तिच्या तीन भाकरी रोज टोपल्यात पडतात. आमच्याच नको.”

उदाहरण अचूक होतं. वरच्या आळीतल्या निम्म्या आया हळदीला जात होत्या, आणि आमच्या चौघांपैकी एकाच्याही ध्यानात ते आलं नव्हतं.

आई हळू आवाजात म्हणाली, “पोरीचं मनावर घेऊ नका, बाई. सप्त्याचा टेम्पो बी आमच्याकडं वळत न्हाई. पारापसून माघारी जातो. आमाला सवय हाय. तिला न्हाई.”

मी त्या टेम्पोच्या भाकरी लहानपणापासून खाल्ल्या होत्या. माझ्या गावातही टेम्पो यायचा. तो कुठल्या गल्लीत वळतो आणि कुठून मागे फिरतो हे मी एकदाही बघितलं नव्हतं. आबांनी ती रीत जशीच्या तशी उचलून शाळेत आणली होती, तिच्या वळणासकट, आणि वर माया लावून. मला आबांची चीड आली, मग स्वतःची, मग पुन्हा आबांची, कारण स्वतःची फार वेळ येऊ देणं मला जमत नाही. आणि वाईटही वाटलं. चुलीपुढे बसलेल्या त्या बाईपुढे मला खरोखर रडू येईल असं वाटलं.

रडण्याऐवजी मी म्हणाले, “उद्या शाळेत भाकरी पाहिजेत. टोपल्याला कमी पडतायत.”

आईनं मान वर केली. “आमच्या?”

“तुमच्या.”

“किती?”

“होतील तेवढ्या,” मी म्हणाले, आणि एसटी चुकेल म्हणून उठले.

भाकरी कमी पडत होत्या हे खोटं होतं. ते खरं करण्यासाठी मी फाट्यावर उभी राहून आबांना फोन लावला आणि उद्यापासून त्यांच्या घरच्या भाकरी आणू नका म्हणून सांगितलं. का, तेही सांगितलं.

“बाई, मी तर चांगल्यासाठीच म्हनलं होतं,” आबा म्हणाले. आवाज दुखावलेला होता.

“म्हणूनच तर मीही मान हलवली, आबा. वाईटासाठी म्हणाला असतात तर तिथंच भांडले असते.”

मग ते म्हणाले, “आन् त्या बाईनं न्हाई आनल्या तर? लेकरं अर्धपोटी राहतील.”

“राहतील.”

“आन् आनल्या, पर कुनी टोपल्यातली खाल्ली न्हाई तर?”

निदान ते उघड बोलले. आमच्यातल्या बाकी तिघांच्या तोंडून तेवढंही निघालं नसतं.

“उद्या कळेल,” मी म्हणाले. एसटी आली.

दुसऱ्या दिवशी माझे तास कसे गेले ते मला विचारू नका. एका उदाहरणात मी उणेचा अधिक केला आणि नववीतल्या मुलांनी तो आनंदानं दाखवून दिला. सुट्टी झाली. टोपलं रोजच्यापेक्षा रिकामं होतं. गावात बातमी आधीच पोचली असावी, कारण दोघांनी त्या दिवशी वेगळा डबा आणला होता. एक आबांचा नातू. तो डबा गुडघ्यांमध्ये धरून बसला होता. त्या गल्लीतली सहाही मुलं लिंबाखाली उभी, पंगतीकडे पाठ करून. ती मुलगी रस्त्याकडे बघत होती.

आबा आले. मोटरसायकलवरून उतरले आणि टोपल्याकडे बघून उभे राहिले. रिकाम्या हातांनी. रोज भाकरीचं फडकं धरणाऱ्या त्या हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं, कधी मागे बांधत होते, कधी धोतराचा सोगा धरत होते. पण भाकरी आणल्या नव्हत्या. मला त्या क्षणी ते माणूस म्हणून आवडले.

मावशीनं कोरड्यासाचं पातेलं बाहेर आणलं. वाढायचं कुणी सुरू करेना. मी घड्याळ बघितलं, आणि मनात म्हटलं, नाही येत ही बाई. का यावं तिनं?

तेवढ्यात फाट्यावर हळदीच्या मजुरांची गाडी थांबली. त्या मुलीची आई उतरली, डोक्यावर गाठोडं. मुकादमाला सांगून घटकाभरासाठी सुटून आली होती. ती आवारातून थेट चालत आली, कुणाकडे न बघता, आणि टोपल्यापाशी बसून तिनं गाठ सोडली. भाकरीचा हा एवढा ढीग. एका घरच्या नव्हत्या त्या, सगळी गल्ली पहाटे चुलीला बसली असणार. कडांवर पिवळ्या बोटांचे ठसे.

“एवढ्या?” मी म्हणाले. “किती आहेत?”

“मोजल्या न्हाईत, बाई,” ती म्हणाली. “माझं लगीन होऊन या गावात आले तवापसून आमच्या गल्लीला कुनी भाकर मागितली न्हवती. मागितल्यावर कुनी मोजतं का?”

मावशीनं त्या उचलून टोपल्यात टाकल्या आणि खालच्या वर, वरच्या खाली केल्या.

आबा खाकरले. मग धोतर सावरून पंगतीच्या टोकाला, जमिनीवर, मांडी घालून बसले आणि म्हणाले, “वाढा.” त्यांच्या ताटात कुठली भाकर पडली ते मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. पिवळ्या कडेची होती. त्यांनी तुकडा मोडला, कोरड्यासात बुडवला आणि खाल्ला. नातवानं आजोबांकडे बघितलं आणि डबा दप्तरात कोंबला. दुसऱ्या मुलानं नाही कोंबला. त्यानं स्वतःचाच डबा खाल्ला, त्या दिवशी आणि परीक्षेपर्यंत रोज.

आई परत गाडीकडे निघाली होती, पण फाटकापाशी थांबून मागे बघत होती. मीही लिंबाखाली बघितलं. ती मुलगी तिथं नव्हती. पंगतीत, आपल्या जुन्या जागेवर, ती ताट घेऊन बसली होती, आणि पळी हातात असलेल्या मुलावर नेहमीसारखी खेकसत होती.

“इकडं वाढ की! कवापसून बसले. भूक लागलीय मला.”